लोअर केलेली गाडी आणि अलाइनमेंटचं काम: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन बरोबर लावणं, शिकायचं असेल तर जिथे लोअर केलेल्या, म्हणजे उंची कमी केलेल्या, गाड्या येतात असं दुकान धरा, असं मी आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या पोरांना सांगतो. कंपनीच्या उंचीवरची गाडी रॅम्पवर घेतली की बहुतेक वेळा टो (चाकांचा एक कोन) थोडा हलवायचा, मशीनवरचे आकडे हिरवे झाले की बिल फाडायचं. त्यात वर्ष गेलं तरी कुठला कोन कुठल्या कोनाला हलवतो ते कळत नाही. स्प्रिंग बदलून 40 मिमी खाली आणलेली गाडी आली की मात्र पडदा लाल होतो, आणि आता काय करायचं हे मशीन सांगत नाही.

मी पुण्यातल्या औंधच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा 2 वर्षांचा ट्रेड केला, त्यामुळे कॅम्बर आणि टो पाठ होते. समोरून पाहताना चाकाचा वरचा भाग आत झुकला तर कॅम्बर ऋण, बाहेर झुकला तर धन. टो वरून पाहायचा: दोन्ही चाकांचा पुढचा भाग एकमेकांच्या जवळ आहे की लांब. कास्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल, लोअरिंगने फारसा बदलत नाही, तो इथे सोडतो.

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा बीम) असतो. गाडी खाली बसली की बॉडीच्या मानाने लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) बाहेरचं टोक वर जातं आणि चाक वरून आत झुकतं. 40 मिमीला साधारण अर्धा ते एक अंश धरा. पण आर्म आडवा होऊन त्याच्याही वर गेला की गाडी आणखी दबताना कॅम्बर उलट धनाकडे जायला लागतो. म्हणजे गाडी जितकी जमिनीला टेकेल तितकी वळणावर चिकटेल, हा कट्ट्यावरचा हिशोब स्ट्रटच्या गाडीला लागू नाही.

गिऱ्हाईक येतं ते "कॅम्बरने टायर खाल्ला" म्हणत. बऱ्याचदा खाणारा टो असतो. टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) आणि लोअर आर्म यांची लांबी वेगळी, सांधे वेगळ्या जागी, त्यामुळे दोघांची टोकं वेगवेगळ्या कमानीत फिरतात. उंची बदलली की टो आपोआप बिघडतो. एका चाकाचा टो अर्धा अंश चुकलेला असला तर ते चाक दर किलोमीटरला जवळजवळ 9 मीटर आडवं घासतं. कात्रजहून हिंजवडीला रोज जाऊन येणाऱ्याचं टायर किती दिवस टिकेल? दीड अंश ऋण कॅम्बर, टो मात्र बरोबर, अशी गाडी त्यापेक्षा कितीतरी कमी टायर खाते.

हे ओळखायला मशीन लागत नाही. तळहात टायरवर आडवा फिरवा, आधी आत, मग बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने कडा बोटांना टोचतात, तर दोष टो या कोनाचा. फक्त आतली कड सपाट झिजलीय आणि कुठेच टोचत नाही, तर कॅम्बरकडे बघा.

आता मशीनच्या आधीचं काम, आणि खरी मजुरी इथेच आहे. टायरमधली हवा, चारही कोपऱ्यांची उंची (चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपने), मग जॅकवर घेऊन लोअर आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बेअरिंग यांचा प्ले, म्हणजे ढिलेपणा. सोसायटीच्या गल्लीतले स्पीडब्रेकर आपल्याकडे असे की लोअर गाडीचं काहीतरी घासलेलं किंवा वाकलेलं सापडतंच. ढिल्या बॉल जॉइंटवर केलेलं अलाइनमेंट गेटबाहेर पडेपर्यंतच टिकतं.

त्यानंतर लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं. हे बहुतेक जण सोडून देतात. स्प्रिंग बदलताना आर्मचे बोल्ट सैल केले असतील आणि चाकं हवेत लोंबकळत असतानाच आवळले असतील, तर गाडी खाली उतरल्यावर बुशचं रबर पिळलेलंच राहतं. मग गाडी पूर्ण खाली बसत नाही, आणि काही महिन्यांत बुश फाटतो. बोल्ट सैल करा, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करा, पुढून-मागून दोन-चार वेळा दाबून सोडा, आणि त्याच उंचीवर टॉर्क रेंचने आवळा. हे केल्याशिवाय चाकांवर मशीनचे टार्गेट (मोजमापाच्या पाट्या) लावू नका.

क्रम ठरलेला आहे: आधी मागचा एक्सल, मग पुढचा कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. मागचा बीम तिरका असेल आणि तुम्ही पुढूनच सुरुवात केली, तर गाडी सरळ जाईल पण स्टिअरिंग वाकडं राहील. पुढचा कॅम्बर बऱ्याच गाड्यांत कंपनीने बदलता येईल असा ठेवलेलाच नसतो. स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) दोन बोल्टांनी जोडलेले असतील तर एकाच्या जागी कॅम्बर बोल्ट बसतो. तो मधे बारीक असतो, म्हणून ग्रेड (बोल्टची ताकद) बघून घ्यायचा. नाना पेठेतून हाताला लागेल तो बोल्ट आणून भागत नाही. मागे बीमच्या गाडीला स्टब एक्सलमागे (चाक बसतं त्या छोट्या दांड्यामागे) शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, टाकाव्या लागतात. वेळखाऊ काम, पैसे आधीच सांगा.

मशीनमधला आकडा कंपनीच्या उंचीसाठी असतो, तेव्हा लोअर गाडीचा कॅम्बर लाल राहिला म्हणून घाबरू नका. डाव्या-उजव्यातला फरक अर्ध्या अंशाच्या आत आणा, नाहीतर ज्या चाकाचा कॅम्बर जास्त धन तिकडे गाडी ओढते. पडदा अंश-मिनिटांत आहे की दशांशात तेही आधी बघा. 1 अंश 30 मिनिटं म्हणजे 1.5, नवीन पोरं 1.3 वाचतात.

एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या कानावर घाला. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ बनावटीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, आणि वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. नंतर वाद नको. स्प्रिंग बसल्या की उंची अजून थोडी उतरते, म्हणून 500 ते 1000 किमीनंतर परत बोलवा, ते बिलातच लिहा.

या कामाला पुण्यात वाव आहे. चाकण, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत लाइनवरून उतरणाऱ्या गाडीचंही अलाइनमेंट होतं, कोथरूडला एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, शोरूमची वर्कशॉप तर गल्लोगल्ली. शिकाऊ म्हणून कुठेही लागण्याआधी मात्र तासभर बाहेर उभं राहून बघा. गाडी रॅम्पवर आली की पोरगा आधी जॅक घेतो की थेट टार्गेट लावतो? टॉर्क रेंचवर धूळ आहे का? थेट टार्गेट लावणाऱ्या दुकानात पगार थोडा जास्त मिळत असला तरी पहिलं वर्ष तिथे घालवू नका.