चिठ्ठीशिवाय औषध मागणारं गिऱ्हाईक तापलं तर

मेडिकलच्या काउंटरवर सगळ्यात जास्त आवाज चढतो तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून. "पलीकडचा देतो, तुम्हीच मोठे शहाणे!" अशा वेळी नुसतं "आम्ही देत नाही" म्हणू नका, समोरच्याला त्यात तुमचा आडमुठेपणाच दिसतो. शेड्यूल एच-१ (चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेल्या औषधांची एक सरकारी यादी) मधलं अँटिबायोटिक असेल तर स्ट्रिप उलटी करून लाल चौकटीतली सूचना दाखवा. डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासह वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते, ते रजिस्टर ३ वर्षं जपावं लागतं, हेही सांगा. राग मग तुमच्यावरून नियमावर सरकतो. (नियमाला शिव्या पडल्या तर पडू द्या.) लगेच वाटही काढून द्या: "चिठ्ठी घेऊन या काका, तोवर बाजूला काढून ठेवतो." तरी शिवीगाळ झालीच, तर उत्तर न देता "पुढे कोण?" विचारा.