द्रवइंधन रॉकेट इंजिनाची कामगिरी सॉफ्टवेअरवर काढताय? या चुका टाळा

आकड्यांत घोळ वाटला की आधी एककं तपासा. पायथनमधलं रॉकेटसीईए (नासाच्या सीईए या ज्वलनाचं गणित करणाऱ्या प्रोग्रामवर बेतलेलं) काही बदल केला नाही तर चेंबरचा, म्हणजे ज्वलनकक्षाचा दाब पीएसआयएमध्ये (पौंड प्रति चौरस इंच, निरपेक्ष) घेतं. 20 बार समजून नुसतं 20 टाकलंत, तर हिशेब 1.38 बारच्या इंजिनाचा होतो. एरर येत नाही आणि आयएसपी (विशिष्ट आवेग, म्हणजे इंजिन इंधन किती कार्यक्षमतेने वापरतं त्याचं माप) थोडाच हलतो, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. सी-स्टारही (चेंबरमधलं ज्वलन किती चांगलं आहे ते दाखवणारा वेग) तिथे फूट प्रति सेकंदात मिळतो. नासाचं मूळ सीईए आयएसपी मीटर प्रति सेकंदात छापतं. सेकंद हवे असतील तर 9.80665 ने भागा. शिवाय तो आयएसपी नोझलच्या तोंडाशी दाब बाहेरच्या हवेइतकाच आहे असं धरून काढलेला असतो. तोंडाशी दाब हवेच्या साधारण 0.4 पटीखाली गेला की प्रवाह भिंतीपासून सुटू लागतो. सीईए याबद्दल अवाक्षर काढत नाही.

दुसरी चूक म्हणजे आदर्श सी-स्टार जसाच्या तसा वापरणं. घसा (नोझलचा सगळ्यात अरुंद भाग) 40 मिलिमीटर व्यासाचा, दाब 20 बार आणि सी-स्टार 1750 मीटर प्रति सेकंद धरला, तर प्रवाह 1.44 किलो प्रति सेकंद येतो. पण ज्वलनाची कार्यक्षमता 92 टक्के निघाली तर तेवढ्याच प्रवाहात दाब 18.4 बारवरच थांबतो. नव्या इंजेक्टरला (चेंबरमध्ये इंधन आणि ऑक्सिडायझर सोडणारा भाग) सुरुवातीलाच 0.90 ते 0.95 चा गुणक लावा. चेंबर अरुंद असेल तर सीईएमधला मर्यादित क्षेत्रफळाच्या चेंबरचा पर्याय निवडा: चेंबर आणि घशाच्या क्षेत्रफळाचं गुणोत्तर 2 असताना एकूण दाबातली घट सुमारे 5 टक्के असते, 4 असताना दीड टक्क्याच्या आत.

इंजेक्टरच्या भोकांतला प्रवाह काढायचं नेहमीचं सूत्र केरोसीनला चालतं, नायट्रस ऑक्साइडला नाही. 20 अंश सेल्सिअसला नायट्रसचा बाष्पदाब 50 बारच्या आसपास असतो. चेंबर 20 बारला असेल तर तो भोकातच उकळतो आणि प्रवाह सूत्रापेक्षा बराच कमी पडतो. तिथे दोन प्रावस्थांचं (द्रव आणि वायू) मॉडेल लागतं, डायरचं चालेल.

गरम वायूंकडून भिंतीत जाणारी उष्णता बार्ट्झच्या सूत्राने मोजताना सगळ्यात महागात पडते ती विशिष्ट उष्मा निवडण्यातली गफलत. ट्रान्सपोर्ट गुणधर्म (श्यानता, उष्णतावहन वगैरे) मागितले की सीईए समतोल (वायूंमधल्या रासायनिक क्रिया चालू धरून) आणि फ्रोझन (त्या थांबल्या असं धरून) अशा दोन्ही किमती देतं. केरोसीन-द्रव ऑक्सिजनच्या गरम मिश्रणात समतोल किंमत फ्रोझनच्या दुपटीहून जास्त असू शकते. सूत्रात सहसा फ्रोझन घालतात, आणि प्रांटल अंकही (श्यानता, विशिष्ट उष्मा आणि उष्णतावहन यांचं गुणोत्तर) त्याच गटातला घ्यायचा. एक इकडचा, एक तिकडचा नको. फिल्म कूलिंग (भिंतीवर इंधनाचा पातळ थर सोडून ती थंड ठेवणं) असेल तर भिंतीजवळचं मिश्रण इंधनाने समृद्ध असतं. त्या मिश्रणाचं गणित वेगळं चालवा.

चाचणीत दाब कमी आला तर आधी प्रवाह बघा. प्रवाह बरोबर आणि दाब कमी असेल तर ज्वलन अपुरं आहे किंवा घसा झिजून मोठा झालाय. कॅलिपरने घसा मोजला की दोन मिनिटांत कळतं. प्रवाहच कमी असेल तर इंजेक्टरचा डिस्चार्ज गुणांक (प्रत्यक्ष आणि आदर्श प्रवाहाचं गुणोत्तर) पाण्याच्या चाचणीने पुन्हा काढा. पुस्तकातला 0.7 तुमच्या ड्रिलने पाडलेल्या भोकाला लागू होईलच असं नाही.