लाल ज्वारी घेतलीय? आधी दाणा खरवडून बघा

मागच्या महिन्यात मावशीने ऑनलाइन लाल ज्वारी मागवली, शाळूच्या जवळपास दुप्पट भावाने, कारण पाकिटावर मोठ्या अक्षरात अँटीऑक्सिडंट लिहिलेलं. मला फोन करून म्हणते, खरंय का रे हे? म्हटलं मावशी, नुसत्या रंगावरून काय सांगू, एक ब्लेड आण.

झालंय काय, आपल्याला दिसतो तो रंग बाहेरच्या सालीचा. टॅनिन, म्हणजे ज्वारीतलं सगळ्यात जोरदार अँटीऑक्सिडंट, ते सालीखाली आणि पिठाच्या वर एक पातळ तपकिरी थर असतो त्यात असतं, आणि तो थर सगळ्या जातींत नसतोच. त्यामुळे लालभडक ज्वारीत टॅनिन अजिबात नसू शकतं आणि वरून पांढुरकी दिसणारी टॅनिनवाली निघू शकते. आपली मालदांडी घ्या, मोत्यासारखी पांढरी, तिच्यात हा थर नाही, म्हणून भाकरी गोड लागते. लाल सालीत दुसरे फिनॉल असतात (टॅनिनच्याच कुळातले पदार्थ), तेलंगणातल्या पिवळ्या ज्वारीच्या सालीत त्याच कुळातले वेगळेच फ्लेव्होनॉइड असतात, म्हणजे टॅनिन नसलं तरी सगळं शून्य असं नाही, पण पाकीटवाले सांगतात तेवढंही नाही.

आता बघायचं कसं. दाणा चिमटीत धरा, कोंबाची बाजू सोडून पाठीवर ब्लेडने हळूच साल खरवडा, खोल जाऊ नका, उजेडात बघा. लाल सालीखाली थेट पांढरं पीठ दिसलं तर टॅनिनचा थर नाही. मध्ये चॉकलेटी रेघ दिसली तर आहे. एका दाण्यावर निकाल लावू नका, आठ-दहा दाणे बघा, बाजारात जाती मिसळलेल्या असतात.

डोळ्यावर विश्वास बसत नसेल तर ब्लीचची टेस्ट. लॅबमध्ये ब्लीचमध्ये कॉस्टिक सोडा घालतात, घरी त्याच्या वाटेला जाऊ नका, कपड्यांचं साधं लिक्विड ब्लीच, ज्यावर सोडियम हायपोक्लोराइट लिहिलंय ते चालेल, फक्त निकाल लॅबइतका पक्का नसतो. काचेच्या वाटीत अख्खे वीस दाणे, फुटलेले नकोत (फुटका दाणा उगाच काळा दिसून फसवतो), वर बुडेल इतकं ब्लीच, शेजारच्या वाटीत तसेच शाळूचे दाणे म्हणजे तुलना करता येते. साधारण वीस मिनिटं ठेवा, मधून मधून हलवा, मग धुऊन टिश्यूवर पसरा. रंगाची साल उडते, टॅनिनवाला दाणा सगळीकडून काळा पडतो, बाकीचे पांढरट राहतात, कोंबापाशी थोडा डाग असला तर तो मोजू नका. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, त्यात टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर चुकूनही मिसळू नका, विषारी गॅस होतो, आणि ते दाणे नंतर फेकून द्या, कोंबड्यांनापण नको.

काळ्या ज्वारीबद्दल एक सांगतो कारण इथे लोक हमखास फसतात. खरी काळी ज्वारी वेगळी जात असते, ऊन लागलं की साल काळी होते आणि त्यात जो रंग असतो तो ज्वारीतच प्रामुख्याने सापडतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात रंगासाठी लावलेल्या ज्वारीच्या पानांच्या आवरणातून असाच रंग काढून चीज लाल करतात. पण खरिपात कणसात दाणा भरला आणि पाऊस लागला की जी ज्वारी काळी पडते ती बुरशी आहे बाबांनो, अँटीऑक्सिडंट नाही. कुबट वास, दाणा चिमटीत भुगा होतो, ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

टॅनिनवाली ज्वारी निघालीच तर चव तुरट असणार (पाखरंपण ती टाळतात), आणि टॅनिन प्रोटीन आणि लोह धरून ठेवतं, म्हणून रक्त कमी असलेल्यांनी रोज खाऊ नये, आंबील करून घ्या, आंबवल्यावर ते बरंच कमी होतं. आणि हे सगळं सालीत आणि कोंड्यात असतं, तेव्हा पॉलिश केलेली घेऊन वर पीठ चाळून कोंडा टाकणार असाल तर लाल-काळ्याचे जास्तीचे पैसे का द्यायचे.

मावशीच्या वाटीत वीसपैकी एकही दाणा काळा झाला नाही. अर्धी ज्वारी तिने आमच्याकडे पाठवून दिली, पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, चांगली आहे, भाकरी तुटत नाही.