टाइम मॅनेजमेंट करायला गेलो आणि वेळच गेला: या चुका टाळा

आमचा महिना दोन तारखांना टांगलेला असतो, ११ ला जीएसटीआर-वन (विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न) आणि २० ला थ्री-बी (टॅक्स भरायचं रिटर्न), वरून वर्षाचं इन्कम टॅक्स. सोलापुरात साखर पेठेत लोकांची रिटर्न भरून द्यायचं छोटं ऑफिस आहे माझं, गिऱ्हाईक बहुतेक टॉवेल-चादरवाले नाहीतर युनिफॉर्म शिवणारे. वेळ वाचवायचे म्हणून जेवढे प्रयोग असतात तेवढे मी करून बसलोय आणि त्यातले बरेच अंगाशी आलेत, तेच लिहितो.

पहाटे पाचचा नाद

मी दोन महिने उठलो की पाचला. पण झोपायचो बाराला. पहिला आठवडा लई भारी वाटलं, स्टेटस पण टाकलं. मग एका रिटर्नमध्ये १८,६०० चे ८१,६०० टाकले आणि ते गिऱ्हाइकानंच पकडलं, म्हणजे लाज काढली. अमेरिकेतला २००३ चा एक प्रयोग आहे, रोज सहाच तास झोपून दोन आठवडे काढलेल्या लोकांचं लक्ष एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं घसरलं होतं, आणि त्यांना स्वतःला ते फारसं कळतच नव्हतं. माझं तेच, मला वाटायचं मी एकदम फ्रेश.

आता सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पहाटेचं काम खरंच चांगलं, दुपारी ४२-४३ मध्ये पत्र्याखाली डोकं चालत नाही. पण मग दहाला झोपा ना. झोपायची वेळ बदलता येत नसेल तर उठायची पण बदलू नका.

विणकर दोन माग बघतो म्हणून मल्टिटास्किंग

आमचे आप्पा पूर्व भागात मागावर होते, एकटे दोन माग बघायचे. मित्र म्हणतो, बघ बे, तुझे आप्पा पण मल्टिटास्किंगच करत होते. नव्हते करत. माग आपापला चालू असतो, आप्पा नुसते मधे उभे राहून आवाज ऐकायचे. धोट्यातली कांडी, म्हणजे आडव्या धाग्याची गुंडी, संपत आली की तिकडं. ताण्याचा म्हणजे उभा धागा तुटला की माग थांबवायचा, वाकून दोन्ही टोकं शोधायची, गाठ मारायची, माग चालू करायचा, मगच मान वर. तेवढ्यात दुसरा बंद पडला तर पडला, राहू दे उभा. अर्धी गाठ सोडून तिकडं पळालं तर दोन्ही माग उभे, आणि मजुरी तर नगावर मिळायची.

माझं नेमकं अर्ध्या गाठीचं व्हायचं. टू-बी, म्हणजे माल देणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटीची यादी, जुळवत बसलोय, व्हॉट्सॲप टुंग करून वाजलं, बघितलं, उत्तर दिलं, परत आलो तर कुठल्या बिलावर होतो तेच आठवत नाही, परत वरनं सुरू. सोफी लेरॉय नावाच्या संशोधिकेनं २००९ मध्ये हेच मांडलंय, काम बदललं तरी लक्षाचा एक तुकडा मागच्या कामातच अडकून राहतो. यावर एक उपाय मला लागू पडला. उठावंच लागलं तर उठायच्या आधी चिठ्ठीवर लिहायचं, "ओळ २१४, पुढं यार्नवाल्याचं बिल शोधायचं". दहा सेकंद लागतात. फोन ड्रॉवरमध्ये टाकणं हा दुसरा उपाय, पण माझ्या धंद्यात तो अर्धा तासच टिकतो, खोटं कशाला बोलू.

"दोन तासात होतंय की"

होत नाही. कानेमन आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच सांगून ठेवलंय की माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज बांधताना कमीच धरतो. पुढं १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसात पूर्ण होईल. सरासरी उत्तर ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर? तर म्हणे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर, म्हणजे वाईटात वाईट धरलं तरी कमीच पडलं.

यावर "जरा जास्त धरून चला" हा सल्ला फुकट आहे, कारण ते जास्त पण आपण मनानंच धरतो. जुनी डायरी काढा. मी काढली तेव्हा कळलं की ज्या कामाला मी दोन तास म्हणत होतो त्याला मागच्या सहा महिन्यात एकदाही साडेतीनच्या खाली लागले नव्हते. आता साडेतीनच सांगतो, गिऱ्हाईक कुरकुरतं आणि गप बसतं.

दिवस गच्च भरणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि ही मला लई उशिरा कळली. मला वाटायचं एक मिनिट रिकामं नाही म्हणजे काय कामाचा माणूस. पण रांगेचं एक साधं गणित आहे, लोक कधीही येतात आणि प्रत्येकाच्या कामाला कमी-जास्त वेळ लागतो असं धरलं तर निम्मा वेळ बिझी असलेल्या माणसाकडं येणाऱ्याला सरासरी एका कामाएवढं थांबावं लागतं, ८० टक्के बिझी असेल तर चार कामांएवढं आणि ९० टक्क्यांना नऊ. काम १५ मिनिटांचं असेल तर ८० ला एक तास, ९० ला सव्वादोन तास. म्हणजे मी दहाच टक्के जास्त राबलो तर बाकड्यावरच्या माणसाचं थांबणं दुपटीच्या वर गेलं, आणि मी म्हणतोय मी तर एक मिनिट बसलो नाही.

त्यात आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी नेमकं सकाळी साडेनवाला घरून फोन, मोटर चालू होईना. गच्च भरलेल्या दिवसात ही मोटर बसवायची कुठं? म्हणून आता दुपारी तीन ते साडेचार वहीत काहीच लिहीत नाही. बायको म्हणाली, म्हणजे झोपणार. कधी कधी झोपतो पण.

बारीकसारीक

२१ दिवसात सवय लागते हे डोक्यातनं काढून टाका. लंडनच्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले होते, कुणाला १८ तर कुणाला हिशेबानं २५४, त्यामुळं बाविसाव्या दिवशी जमलं नाही म्हणून सोडून देऊ नका. आणि दर महिन्याला नवीन ॲप टाकू नका, मी चार टाकली, चारीतल्या याद्या अजून तशाच आहेत. २५ मिनिटांचं टायमर लावायचं ते पोमोडोरो मात्र डेटा एन्ट्रीला चांगलं चालतं, नोटिशीचं उत्तर लिहिताना घंटी वाजली तर डोकं फिरतं.

बाकी एक चादरवाले अण्णा आहेत, कितीही सांगा, दहा तारखेला रात्री साडेदहालाच बिलांची पिशवी घेऊन येतात, वर शेंगाचटणीची पुडी. आधी त्यांच्यावर चिडायचो. आता पाच तारखेलाच वहीत लिहून ठेवतो, दहा तारीख, रात्री साडेदहा, अण्णा.