उपकारस्तुती मनापासून कशी करावी

बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायात शोमरोन व गालील यांच्या सीमेवर येशूला दहा कुष्ठरोगी भेटतात. दहाही जण त्याचे ऐकून याजकांकडे जायला निघतात आणि वाटेत दहाही जण शुद्ध होतात; परंतु त्यांतला एकच, तोही यहूद्यांनी परका मानलेला शोमरोनी, वाट सोडून मागे फिरतो आणि येशूच्या पायांवर पडतो. उरलेल्या नऊ जणांनी काही आज्ञा मोडली होती असे नव्हे. देणगी हाती येताच दात्याकडे वळण्याचे त्यांना सुचले नाही, इतकेच. ख्रिस्ती जीवनातील कृतज्ञता म्हणजे हे वळणे होय, आणि ते आपोआप घडत नसल्यामुळे त्याचा सराव करावा लागतो.

सुरुवात रात्रीच्या प्रार्थनेपासून करणे सोयीचे पडते. संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी दिवसाच्या आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली, तिच्यात पहिला क्रमांक मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानण्याचा आहे. स्वतःच्या चुकांचा झाडा त्यानंतर येतो. हा क्रम पाळावा, कारण तो उलटला की प्रार्थना स्वतःला दोष देण्यातच संपते आणि आभारांना जागाच उरत नाही. सकाळपासूनचा दिवस सावकाश आठवावा व त्यातील दोन-तीन गोष्टी नेमकेपणाने देवापुढे मांडाव्यात. "प्रभू, आजच्या सर्व आशीर्वादांबद्दल तुझे आभार" हे वाक्य चुकीचे नाही, पण ते काहीही न आठवता म्हणता येते. त्याऐवजी "बँकेच्या रांगेत ज्या मुलीने उठून माझ्या आईला खुर्ची दिली, तिच्याबद्दल तुझे आभार" असे म्हणायचे तर ती मुलगी, ती रांग आणि आईचे दुखणारे गुडघे डोळ्यांपुढे आणावेच लागतात. वही ठेवायची असल्यास जरूर ठेवावी. मात्र पाने भरण्याची चढाओढ स्वतःशीही करू नये.

कुटुंबाने मिळून आभार मानण्याचा सर्वांत पूर्ण नमुना मला बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात सापडतो. इस्राएली शेतकऱ्याने पहिल्या उपजातील काही भाग टोपलीत घालून परमेश्वरापुढे आणायचा होता, पण टोपली ठेवून परतायचे नव्हते. आपला पूर्वज भटकत फिरणारा अरामी होता, मिसरात (इजिप्तमध्ये) आपला छळ झाला, परमेश्वराने आपली आरोळी ऐकली आणि या भूमीत आणले, हा सारा इतिहास त्याने तोंडाने म्हणायचा होता. आणि त्यानंतर लेवी (देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातला माणूस) व आपल्यात राहणारा परका यांच्यासह आनंद करायचा होता. आणणे, आठवणे आणि वाटून घेणे, हे तिन्ही त्यात आले.

वसई, गोराई, उत्तन या भागांतील ईस्ट इंडियन हा स्थानिक ख्रिस्ती समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या सुमारास आगेरा हा सुगीचा सण साजरा करतो, तेव्हा नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद मागितला जातो; गोव्यातही नव्या कणसांचे फेस्त होते. ज्यांची शेती उरलेली नाही, त्यांनी पहिला पगार, पेन्शन किंवा दुकानाची पहिली कमाई याच रीतीने देवापुढे ठेवावी. जेवणाच्या मेजावर आजोबांनी किंवा आजीने घराण्याचा खडतर काळ मुलांना सांगावा आणि त्या रकमेतील काही हिस्सा घराबाहेरच्या गरजू माणसासाठी काढावा. मुलांना कृतज्ञतेवर दिलेल्या व्याख्यानापेक्षा हे अधिक लक्षात राहते.

मंडळीत साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते चर्चमधील सर्वांपुढे सांगताना, एक सावधगिरी बाळगावी. लूकच्या १८व्या अध्यायातील परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाचा माणूस) देखील देवाचे आभारच मानत होता, पण आपण इतरांसारखे नाही याबद्दल. "शेजाऱ्यांची मुले बिघडली, आमची मात्र प्रभूने राखली" असल्या साक्षीला याच परूशाचा वास येतो. जे मिळाले ते सांगावे. दुसऱ्याला मिळाले नाही याचा उल्लेखही करू नये.

दुःखाच्या काळाबद्दल आपल्याकडे बरीच गल्लत होते. "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" असे प्रेषित पौल थेस्सलनीका येथील ख्रिस्ती मंडळीला लिहितो, परंतु मृत्यू, आजार किंवा अन्याय या गोष्टींबद्दलच आभार माना, असा त्या वाक्याचा अर्थ काढून शोकात असलेल्या घरी तो ऐकवणे क्रूरपणाचे आहे. स्वतः येशू आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना रडला. १३वे स्तोत्र "किती काळ?" या तक्रारीने सुरू होते आणि गाण्यावर संपते, तर ८८वे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरीही दोन्ही पवित्र शास्त्रात आहेत. म्हणून आधी रडू द्यावे, देवाशी भांडू द्यावे. फिलिप्पैकरांस पत्र पौलाने बंदिवासातून लिहिले. त्यात तो विनंत्या आभारप्रदर्शनासह देवाला कळवा असे सांगतो, म्हणजे मागणे आणि आभार एकाच प्रार्थनेत चालतात. ज्याला एवढेही जमत नाही, त्याच्यासाठी मंडळीने काही काळ प्रार्थना करावी.

देवाचे आभार मानून माणसांना विसरणे हाही एक दोष आहे. रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात पौल प्रिस्का व अक्विला यांचे नाव घेऊन, त्यांनी आपल्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला हे नमूद करतो. आपणही आठवड्यातून एकदा अशी एक व्यक्ती निवडावी: रविवारी सर्वांच्या आधी येऊन चर्च झाडणारी बाई, दुखण्यात डबा पाठवणारे शेजारी (मग ते कोणत्याही धर्माचे असोत), शाळेतले जुने शिक्षक. त्यांना भेटून किंवा फोन करून, त्यांनी नेमके काय केले आणि त्यामुळे आपले काय निभावले, ते स्पष्ट शब्दांत सांगावे. ती व्यक्ती हयात नसेल, तर तिच्या मुलांना सांगावे. आपल्या आईवडिलांनी कोणासाठी काय केले होते, हे पुष्कळदा त्यांनाही ठाऊक नसते.