घरी सायकलची फ्रेम बनवताय? या चुका टाळा

घरी बनवलेली माउंटन बाइकची फ्रेम वाकडी निघाली की दोष वेल्डिंगवर ढकलला जातो. बहुतेक वेळा घोटाळा टॉर्च पेटण्याआधीच झालेला असतो.

पहिली गोष्ट जागेची. सोसायटीच्या फ्लॅटमध्ये ऑक्सिजन-ॲसिटिलीनचे सिलिंडर नेऊच नका. मोजमाप, कापणं, कानस मारणं बाल्कनीत करा; आगीचं काम ओळखीच्या फॅब्रिकेटरच्या गाळ्यात. सराव साध्या काळ्या पाइपवर करा आणि जोड करवतीने उभा कापून आत बघा. जस्त चढवलेला जी.आय. पाइप सरावालाही नको. त्याचा धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो.

नळीचं तोंड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका नळीचं तोंड दुसरीच्या गोलाईवर चपखल बसायला हवं. उजेडासमोर धरून मधून प्रकाश दिसला तर पुन्हा अर्धगोल कानस घ्या. पितळाच्या ब्रेझिंगमध्ये (नळी न वितळवता फक्त पितळ वितळवून जोडणं) थोडी फट भरून निघते, चांदीच्या सळईत नाही. टिग वेल्डिंगमध्ये (विजेच्या ठिणगीने नळीच वितळवून जोडणं) तर पातळ नळीला भोकच पडतं. ४१३० क्रोमोली या मिश्र पोलादाची बटेड नळी टोकांना ०.९ आणि मध्ये ०.६ मिलिमीटर जाड असू शकते. एकाच टोकाकडून भसाभस कापलं तर जाड भाग केराच्या टोपलीत आणि जोड पातळ भागावर, असा उलटा कारभार होतो. कापण्याआधी जाड भाग कुठे संपतो ती खूण नळीवर करून घ्या.

दुसरी हमखास चूक बॉटम ब्रॅकेटच्या शेलची, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या आडव्या नळीची. बी.एस.ए. मापाच्या शेलमध्ये चेनच्या बाजूला उलटे आटे असतात. शेल उलटं धरून टॅक (वेल्डचा छोटा टाका) मारलं की फ्रेम रंगवून झाल्यावर कप (बेअरिंगची वाटी) बसवताना शोध लागतो, आणि तेव्हा करण्यासारखं फारसं उरत नाही. टॅक मारण्याआधी कप हाताने फिरवून बघा. बंद नळीला छोटं भोक ठेवायलाही विसरू नका. नाहीतर आतली तापलेली हवा वितळलेल्या पितळातून फुसफुसत बाहेर येते.

जोड लाल असताना पाणी मारू नका, पंखाही बंद ठेवा. ४१३० घाईने थंड केलं तर ठिसूळ होतं.

फ्रेम एका बाजूला ओढते

मागचं चाक मधोमध नाही? फ्रेम ठोकायला घेऊ नका. चाक काढून उलटं बसवा. कल त्याच बाजूला राहिला तर फ्रेम वाकडी, बाजू बदलली तर चाकाचं डिशिंग (रिम मधोमध आणणं) चुकलंय. मग एका ड्रॉपआउटपासून (मागच्या चाकाचा आस बसतो ती खाच) हेड ट्यूबला (फोर्क बसतो ती पुढची नळी) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणा आणि सीट ट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. खरं तर ही तपासणी प्रत्येक टॅकनंतर व्हायला हवी.

हँडल जड वाटतं, चढावर पुढचं चाक भरकटतं, अशी तक्रार असेल तर फोर्क बघा. कागदावर १०० मिलिमीटर ट्रॅव्हलचा (फोर्क दबतो ती लांबी) फोर्क धरायचा आणि मित्राकडे पडून असलेला १२०चा लावायचा, हे सर्रास चालतं. तेवढ्याने हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी कोन) साधारण एक अंश पडतो, बॉटम ब्रॅकेटही वर जातो. नंतर स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) बदलून तो मूळ कोन परत येत नाही.

मुंबईचा पाऊस

बाहेरच्या ट्यूटोरियलमध्ये हे सापडणार नाही. जुलैत उघडी फ्रेम रातोरात गंजते. फ्लक्स (ब्रेझिंग करताना जोडाला लावलेला लेप) गरम पाण्यात रात्रभर भिजवून पूर्ण काढा, नाहीतर रंगाखालून फुगे येतात. नळ्यांमध्ये उकळलेलं जवसाचं तेल फिरवा आणि शेलच्या तळाला निचऱ्याचं भोक ठेवा. मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी निदान ६ मिलिमीटर मोकळीक हवी. ठाण्याजवळच्या येऊरच्या चिखलात त्याहून कमी चालत नाही.

पहिली फेरी दगडांवर नको. राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा डांबरी चढ पुरेसा आहे. मित्राला मागे ठेवा. ओल्या रस्त्यावर दोन चाकांच्या दोन वेगळ्या रेषा त्यालाच दिसतील. "अरे, मागचं डावीकडे चाललंय," असं तो ओरडला तर दुखावून न घेता थांबा.

रंग शक्यतो फिका ठेवा, तडे लवकर दिसतात. धुताना डाउन ट्यूब (शेलपासून पुढे वर जाणारी तिरपी नळी) हेड ट्यूबला मिळते तिथे खालून, आणि चेनच्या बाजूच्या चेनस्टेवर (शेलपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) शेलजवळ बोट फिरवा. तडा दिसला तर वर पितळ ओतून झाकू नका. पितळ लागलेल्या जागी नंतर टिग वेल्ड धरत नाही. ती नळीच बदलावी लागते.