बाईक इंजिनच्या किट कारला स्पीडो सेन्सर लावताय? या चुका टाळा

किट कारमध्ये (सुटे भाग जोडून बनवलेल्या गाडीत) स्पीडोमीटरचा काटा उड्या मारायला लागला की आधी मीटर बदलतात, मग सेन्सर बदलतात, तरी काटा नाचतोच. कारण बहुतेक वेळा दोष सेन्सरमध्ये नसतो, तो ज्या बोल्टकडे किंवा मॅग्नेटकडे बघून मोजतो तिथे आणि मधल्या गॅपमध्ये असतो.

आधी जागा. बऱ्याच बाईकला गिअरबॉक्सच्या आउटपुटजवळ मूळ सेन्सर असतो, पण चेनच्या जागी प्रॉपशाफ्टचा (इंजिनची ताकद मागे नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा) अडॅप्टर आला की तो कधीकधी अडतो, आणि नाही अडला तरी मीटरमधला हिशोब बाईकच्या स्प्रॉकेटचा आणि चाकाचा, त्यामुळे बाईकचंच मीटर ठेवणार असाल तर मध्ये सिग्नल कन्व्हर्टर घ्यावा लागतो. नवीन सेन्सर लावायचा तर डिफच्या (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या) फ्लँजचे, म्हणजे प्रॉप जिथे जोडतो त्या चकतीचे, बोल्ट ही माझ्या मते सगळ्यात चांगली जागा, प्रॉपचा वेग दोन्ही मागच्या चाकांची सरासरी देतो म्हणून वळणावर रीडिंग बिघडत नाही. फक्त मागे लाइव्ह ॲक्सल (डिफसकट चाकांबरोबर वरखाली होणारा सलग ॲक्सल) असेल तर ब्रॅकेट चासीवर अजिबात नको, ॲक्सल वरखाली झाला की गॅप बदलतो, ब्रॅकेट डिफच्या केसिंगवरच घ्या. आणि पातळ पत्र्याचा ब्रॅकेट नको हो, ही इंजिनं दहा हजार आरपीएमच्या वर फिरतात, पत्रा थरथरतो आणि शेवटी तडकतो. 3 मिमी जाड, दोन बोल्टवर, लॉकनट लावून.

गॅपवर मात्र वेळ घालवा. 12 मिमीच्या साध्या फ्लश इंडक्टिव्ह (समोर आलेला धातू ओळखणाऱ्या) सेन्सरची रेंज साधारण 2 मिमी, तीही माइल्ड स्टीलसमोर, ॲल्युमिनियमसमोर निम्म्याहून कमी होते. फीलर गेजने 1 मिमी ठेवा आणि प्रॉप पूर्ण फिरवून प्रत्येक बोल्टला मोजा, एखादा बोल्ट जरा खाली बसलेला असला की तेवढी एक पल्स (प्रत्येक बोल्ट समोरून गेला की सेन्सर देतो तो सिग्नल) कधी येते कधी नाही. ॲलन बोल्ट असतील तर डोक्यातला खड्डासुद्धा लहान सेन्सरला दिसतो, मग एका बोल्टच्या दोन पल्स होतात आणि वेग दुप्पट. तिथे हेक्स बोल्ट टाका. हॉल सेन्सर (मॅग्नेट ओळखणारा) असेल तर मॅग्नेटची योग्य बाजू सेन्सरकडे हवी, नुसत्या गोंदावर चिकटवू नका, वेगात उडून जातात, आणि समोरासमोर जोडीने लावा नाहीतर प्रॉपचा बॅलन्स जातो.

वायरिंगमध्ये ब्राऊन 12 व्होल्ट, ब्लू अर्थ, ब्लॅक सिग्नल, हे बहुतेक ठिकाणी सारखं. घोळ होतो तो एनपीएन आणि पीएनपी या सेन्सरच्या दोन प्रकारांचा. एनपीएन सिग्नल अर्थला ओढतो, पीएनपी 12 व्होल्ट देतो, मीटरला नक्की काय हवं ते न बघता जोडलं तर एकतर काटा हलणार नाही किंवा 5 व्होल्टचा इनपुट जळेल. गाडी उभी, इंजिन चालू आणि मीटर वेग दाखवतंय? वायर इग्निशन कॉइलजवळून गेलीय का बघा. शील्डेड (आत जाळीचं आवरण असलेली) वायर घ्या आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. एक्झॉस्टपासूनही लांब ठेवा, साध्या सेन्सरची मर्यादा साधारण 70 अंश असते.

बिघाड शोधताना मीटर सोडा, गाडी जॅकवर घ्या, इग्निशन ऑन, गिअर न्यूट्रल, आणि दोन्ही मागची चाकं एकाच दिशेला हळू फिरवा. सेन्सरच्या मागे बारीक एलईडी असेल तर प्रत्येक बोल्टला ती एकदाच पेटली पाहिजे. नीट पेटतेय आणि काटा मेलेला, तर वायर किंवा मीटर. पेटतच नाही, तर सप्लाय आणि गॅप बघा.

मग कॅलिब्रेशन. 185/60 आर13 टायरचा घेर कागदावर साधारण 1.735 मीटर, डिफचा रेशो 3.62 (चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपचे 3.62 फेरे) आणि चार बोल्ट धरले तर किलोमीटरला जवळपास 8,346 पल्स. खरा घेर वजनाखाली थोडा कमी भरतो, म्हणून गाडीत बसून चाकाचा एक फेरा जमिनीवर टेपने मोजा. मधे रिव्हर्स बॉक्स (गाडी मागे घेण्यासाठीचा वेगळा गिअरबॉक्स) असेल आणि त्याचा रेशो 1:1 नसेल, आणि सेन्सर त्याच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला असेल, तर तोही धरा. शेवटी जीपीएसशी ताडून बघा. यूएन रेग्युलेशन 39 प्रमाणे कारचं मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही, जास्त दाखवलं तर वेगाच्या 10 टक्के अधिक ताशी 4 किमी एवढंच, म्हणजे 80 ला 92 पर्यंत चालतं, 79 चालत नाही.